अवाजवी साखळी

घराबाहेर बांधून ठेवलेल्या कुत्र्याविषयी भारतीय कायद्याने जे काही म्हटले आहे, त्याचा बहुतेक भार एका विशेषणावर पडलेला आहे. प्राण्यांशी क्रूरतेने वागण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० सालच्या केंद्रीय अधिनियमाच्या कलम ११ मध्ये क्रूर कृत्यांची यादी दिली आहे. तिच्यातील एका खंडानुसार कोणत्याही प्राण्याला अवाजवी आखूड अथवा अवाजवी जड साखळीने किंवा दोराने अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा ठरतो. लगतच्या खंडानुसार, एरवी साखळीवर किंवा कोंडून ठेवल्या जाणाऱ्या कुत्र्याला पुरेसे हिंडवण्यात मालकाने कसूर केली तर तोही गुन्हा होतो. आणि त्याच्या पुढच्या खंडात जनावराला पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणाऱ्या मालकाला दोषी धरले आहे. पाळीव कुत्र्याचे नाव घेऊन बोलणारा या यादीतला खंड मधला तेवढाच. बाकीचे दोन सर्व प्राण्यांना सारखेच लागू आहेत. मात्र साखळी किती हात असली म्हणजे आखूड, किती तास गेले म्हणजे काळ अवाजवी, आणि डोक्यावर नेमके काय असले म्हणजे त्याला निवारा म्हणावे, याचे माप अधिनियमात कोठेही दिलेले नाही. ‘अवाजवी’ म्हणजे त्या परिस्थितीत विचारी माणसाला पटणार नाही असे, एवढाच या शब्दाचा अर्थ न्यायालयापुढे उरतो. आणि परिस्थिती म्हटली की स्थळ, ऋतू, ऊन, पाऊस हे सारे त्यात आलेच, त्यामुळे महाबळेश्वरात जी साखळी खपून जाईल तीच तंजावुरात अवाजवी ठरू शकते.

हे विशेषण घासून पाहण्यास तंजावूर हे ठिकाण सोयीचे आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातशेती, नारळीच्या बागा आणि विटांच्या भट्ट्या यांमुळे येथे राखणीचा कुत्रा हा हौसेचा नसून कामाचा प्राणी आहे. आणि कडक ऊन व जोरदार पाऊस या दोहोंचा मारा वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांत त्याच्यावर होत असतो. शिवाय १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी हे राज्य घेतल्यापासून १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे औरस पुत्राविना वारेपर्यंत येथे भोसल्यांची गादी होती. जनावरांची निगा हा राजविद्येचा भाग मानणाऱ्या परंपरेचे ग्रंथ त्या गादीने सरस्वती महाल या ग्रंथालयात जपले, त्यामुळे कोणत्या जनावराचा विचार कोणत्या बारकाईने झाला आणि कोणाचा झाला नाही, याचा थोडा मागोवाही येथे घेता येतो.

कुत्रा बांधण्याविषयी या देशात दोन कायदे आहेत आणि ते दोरी परस्परविरुद्ध दिशांना ओढतात. पहिला जुना. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम २८९ ने, ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा शरीराला संभाव्य धोका पोहोचू नये इतका बंदोबस्त न करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम २९१ या क्रमांकाने आले असून दंडाची मर्यादा ५,००० रुपये झाली आहे. दुसरा कायदा १९६० चा, आणि त्यातील कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड आहे किमान १० व कमाल ५० रुपये; तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा घडला तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे कुत्रा न बांधल्यामुळे कोणाला धोका झाला तर मालकाला तुरुंगाची भीती पहिल्याच वेळी आहे, आणि तोच कुत्रा दोन हातांच्या साखळीवर वर्षभर उन्हात ठेवला तर पहिल्या वेळी तरी पन्नासाच्या नोटेवर सुटका आहे. मालकाने यावरून काय समजायचे ते तो समजतो. शेजाऱ्याला भय वाटू नये म्हणून साखळी आखूड करणे हा त्याच्या दृष्टीने शहाणपणाचा, जवळजवळ नागरिकधर्माचा, भाग होऊन बसतो.

जुन्या दंडसंहितेत जनावरांची आणखीही एक उतरंड होती. एखाद्याचे जनावर मारणे किंवा जायबंदी करणे याला तेथे ‘आगळीक’, म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेचे हेतुपुरस्सर नुकसान, मानले जाई आणि त्यासाठी कलम ४२८ व ४२९ होती. त्यांपैकी दुसऱ्यात हत्ती, उंट, घोडा, खेचर, म्हैस, बैल, गाय यांची नावे होती आणि त्यांची किंमत काहीही असली तरी पाच वर्षांपर्यंत शिक्षा होती; नावे नसलेल्या इतर जनावरांना मात्र ५० रुपये किंमत सिद्ध झाली तरच ते संरक्षण मिळे आणि १० रुपये सिद्ध झाली तर दोन वर्षांचे. कुत्रा या ‘इतरां’त होता. गावठी कुत्र्याची किंमत दहा रुपये तरी आहे हे न्यायालयात कोणत्या पावतीने सिद्ध करायचे, हा प्रश्न दीडशे वर्षे तसाच राहिला. न्याय संहितेच्या कलम ३२५ ने ही किमतीची अट काढून टाकली आणि सर्व जनावरांना एकाच पंगतीत बसवले, ही गेल्या काही वर्षांतील एक खरोखरीची सुधारणा म्हणावी लागेल. तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही, हा भाग वेगळा.

हत्ती-घोड्यांना वर बसवणारी ही उतरंड इंग्रजांनी बरोबर आणलेली नव्हती. सरस्वती महालाच्या संग्रहात पालकाप्याचे गजशास्त्र आहे, नकुलाच्या नावावरचे अश्वशास्त्र आहे, आणि ही दोन्ही ग्रंथालयाने छापूनही प्रसिद्ध केली आहेत. हत्ती आणि घोडा हे राज्याचे अंग, सैन्याच्या चार दलांपैकी दोन, त्यामुळे त्यांच्या जाती, लक्षणे, रोग, आहार यांचे शास्त्र होणे स्वाभाविक होते. दुसऱ्या सरफोजीराजांनी (राज्यकाल १७९८ ते १८३२) धन्वंतरी महालात वैद्यकाचे जे प्रयोग करविले, त्यांत माणसांबरोबर जनावरांच्या औषधोपचारांचाही समावेश असल्याचे सांगितले जाते. कुत्र्याला अशा शास्त्रात मानाचे पान नाही. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वराच्या मानसोल्लासात राजाच्या करमणुकींपैकी एक म्हणून कुत्र्यांकरवी केलेली शिकार येते, पण ती करमणूक म्हणून. त्याला कोठे आणि कसे ठेवावे हा विषय कोणा पंडिताला शास्त्राच्या योग्यतेचा वाटल्याचे दिसत नाही. एखाद्या लाडक्या कुत्र्याचा गौरव होई, नाही असे नाही. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला दाखवली जाते, आणि त्याला पालखीचा मान होता अशी आख्यायिका आहे. पण पालखी एकाला मिळते. अंगणातल्या बाकीच्यांना काय मिळावे, याचा नियम त्यातून निघत नाही.

नियमाचे बीज शोधायचे तर ते कथांमध्ये अधिक सापडते. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या भावांनी यज्ञाच्या जागी आलेल्या कुत्र्याला मारले, तेव्हा त्याची आई सरमा जाब विचारण्यास आली, आणि तिचा सारा युक्तिवाद एवढाच होता की त्याने काही बिघडवलेले नसताना त्याला का मारले. कारणाशिवाय दिलेले दुःख आणि कारणाने द्यावे लागलेले दुःख यांत फरक करणारा हा प्रश्न १९६० च्या अधिनियमातील ‘अनावश्यक वेदना’ या शब्दांच्या बराच जवळ आहे. तंजावूरजवळच्या तिरुवारूरची मनुनीति चोळाची कथा तर तमिळ मुलांना पाठच असते: राजपुत्राच्या रथाखाली वासरू चिरडले, गाईने राजवाड्याची न्यायघंटा वाजवली, आणि राजाने आपल्याच मुलाला तीच शिक्षा दिली. मद्रास उच्च न्यायालयाच्या आवारात या राजाचा पुतळा उभा आहे. कथेतली गाय मोकळी होती म्हणून घंटेपर्यंत जाऊ शकली, हे मात्र साखळीचा विचार करताना विसरता येत नाही.

अधिनियम घडवून आणणाऱ्या व्यक्तीचा तंजावूरशी असलेला संबंध वळणावळणाचा असला तरी खरा आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा जन्म १९०४ मध्ये मदुराईला झाला. १९३० च्या दशकात त्या ज्यांच्याकडे नृत्य शिकल्या ते मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै तंजावूर भागातील पंदनल्लूरचे, आणि चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम व वडिवेलू या चार भावांच्या घराण्यातले. याच चौघांनी सरफोजीराजांच्या दरबारात आज भरतनाट्यम् म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नृत्याच्या कार्यक्रमाला त्याची आजची मांडणी दिली. राज्यसभेवर १९५२ मध्ये नियुक्त झाल्यावर रुक्मिणीदेवींनी प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध खासगी विधेयक मांडले; सरकार स्वतः असा कायदा आणील असे आश्वासन पंडित नेहरूंनी दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले, आणि त्यातून पुढे १८९० चा जुना, अपुरा कायदा बाजूला सारून १९६० चा अधिनियम आला. त्याच्या कलम ४ प्रमाणे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा. मंडळाचे कार्यालय दीर्घकाळ चेन्नईतच होते. २०१८ मध्ये ते हरियाणातील बल्लभगढला हलवण्यात आले.

अधिनियमाच्या मागे प्रयोगशाळा, सर्कस, वाहतूक आणि कत्तल यांची चिंता मोठी होती, आणि त्या विषयांवर पुढे नियमांचे थरच्या थर आले. दारातल्या साखळीवर आले नाहीत. कुत्र्यांची पैदास व विक्री करणाऱ्यांसाठी २०१७ मध्ये नियम झाले, दुकानांसाठी २०१८ मध्ये झाले, रस्त्यावरील कुत्र्यांच्या नसबंदीसाठी २००१ चे आणि त्यांच्या जागी २०२३ चे नियम आहेत. म्हणजे जन्माला घालणारा, विकणारा आणि मोकाट हिंडणारा अशा तिघांचा विचार झाला, आणि घरी आणून दहा-बारा वर्षे बांधून ठेवणाऱ्याचा राहून गेला. त्याच्यापुरता कायदा १९६० च्या त्याच तीन खंडांवर थांबला आहे.

त्या खंडांचा अर्थ तंजावुरात कसा लावायचा, हे ठरवण्यासाठी कुत्र्याच्या शरीराकडे पाहावे लागते. कुत्र्याच्या अंगाचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास, माणसापेक्षा थोडे अधिक, असते. माणसाला सर्वांगाने घाम येतो, तर कुत्र्याला तो पंजांपुरताच. बाकी उष्णता त्याला जीभ बाहेर काढून धापा टाकत, तोंडातील ओलाव्याचे बाष्प करून बाहेर टाकावी लागते. हवा आधीच दमट असली की बाष्पीभवन मंदावते. तंजावुरात मार्चपासून सप्टेंबरपर्यंत दिवसाचे कमाल तापमान बहुधा ३२ अंशांच्या वरच राहते, मे महिन्यात ते ३७-३८ पर्यंत जाते, आणि समुद्र व पाटाचे पाणी जवळ असल्यामुळे हवेत दमटपणा असतो. मोकळा कुत्रा अशा वेळी काय करतो हे कोणत्याही गावात दिसते: तो गटाराकाठची ओली माती उकरून तिच्यात पोट टेकतो, बैलगाडीच्या किंवा मोटारीच्या खाली शिरतो, उन्हाबरोबर सावली सरकते तसा सरकतो. बांधलेल्या कुत्र्याला सावलीमागे जाता येत नाही. सकाळी नऊला सावलीत असलेली खुंटी दुपारी दोनला उन्हात असते, आणि पाण्याचे भांडे साखळीच्या एका झटक्याने उपडे झाले की संध्याकाळपर्यंत तसेच पडून राहते. सिमेंटच्या किंवा पत्र्याच्या छपराखालचा खोका हा नावाला निवारा असला तरी दुपारी त्याची भट्टी होते, आणि शहाणा कुत्रा त्यात न शिरता बाहेर उन्हातच बसतो; मालक मग तक्रार करतो की घर करून दिले तरी ते त्याला आवडत नाही.

राज्याच्या धोरणात या हवामानाची जाणीव अलीकडे दिसू लागली आहे. तमिळनाडूने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या श्वानपैदास धोरणात सायबेरियन हस्की, सेंट बर्नार्ड, पग यांसारख्या, येथील उष्णता न सोसणाऱ्या परदेशी जातींच्या पैदाशीला मनाई केली आणि राजपाळयम, चिप्पिपारै, कोंबै, कन्नी या देशी जातींना उत्तेजन दिले. या जाती काटक खऱ्या, पण चिप्पिपारै काय किंवा आपल्याकडचा कारवानी काय, हे धावणारे शिकारी कुत्रे. मैलभर मोकळ्या रानात धावण्यासाठी शतकानुशतके घडवलेला प्राणी फाटकाच्या खांबाला बांधला, तर तो उन्हाने मरत नाही एवढ्यावरून त्याचे बरे चालले आहे असे म्हणता येत नाही. हिंडवण्याचा खंड नेमका येथे लागू पडतो.

पावसाची गोष्ट याहून वेगळी. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात त्रिभुज प्रदेशावर कोसळतो आणि चक्रीवादळे येतात ती याच दिवसांत. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे ‘गजा’ वादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्याला धडकले, वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे गेला, आणि तंजावूर जिल्ह्यातील ओरत्तनाडू, पट्टुकोट्टै, पेरावूरणी भागांतील नारळीच्या बागा एका रात्रीत आडव्या झाल्या. बागेच्या राखणीचा कुत्रा बहुधा झाडालाच बांधलेला असतो. पूर वा वादळाचा इशारा मिळाला की गुरांची दावी सोडा, ही सूचना आपत्ती व्यवस्थापनाच्या पत्रकांत असते आणि शेतकऱ्याला ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊकही आहे. कुत्र्याची साखळी मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन चक्रीवादळाच्या तोंडावर महामार्गाकाठी कुंपणाला बांधून, छातीपर्यंतच्या पाण्यात सोडून दिलेला एक कुत्रा पोलिसांना सापडला, त्यावरून मोठा गहजब झाला, आणि नैसर्गिक आपत्तीत कुत्र्याला बाहेर बांधून सोडून जाणे हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरवणारा कायदा १ ऑक्टोबर २०२५ पासून तेथे लागू झाला. आपल्याकडे असे कृत्य फार तर निवारा न देण्याच्या किंवा प्राण्याला वाऱ्यावर सोडण्याच्या खंडात बसवता येईल. म्हणजे पुन्हा तीच पन्नासाची नोट.

इतर देशांनी ‘वाजवी’ शब्दाचे आकड्यांत रूपांतर कसे केले, हे पाहण्यासारखे आहे, कारण प्रत्येक आकड्यामागे त्या देशाचे हवामान बसलेले दिसते. ऑस्ट्रियाने २००५ पासून कुत्रा साखळीवर ठेवण्यासच मनाई केली. स्वित्झर्लंडच्या २००८ च्या अध्यादेशानुसार बांधून ठेवल्या जाणाऱ्या कुत्र्याला दिवसातून किमान ५ तास मोकळे हिंडता आले पाहिजे आणि उरलेल्या वेळी सरकत्या साखळीवर २० चौरस मीटर जागा मिळाली पाहिजे. सरकती साखळी म्हणजे दोन खांबांत ताणलेल्या तारेवर कडी अडकवून तिला जोडलेली; तिच्यामुळे कुत्रा एका वर्तुळात न अडकता लांबवर येरझारा घालू शकतो. जर्मनीच्या २००१ च्या नियमांत कुत्र्याच्या खोपटाविषयी म्हटले आहे की ते कोरडे असावे आणि कुत्र्याला स्वतःच्या अंगच्या उबेने आतली हवा उबदार करता येईल इतकेच मोठे असावे. त्याखेरीज बाहेर सावलीची जागा हवी. पिंजऱ्यात ठेवायचा तर खांद्यापर्यंत ५० सेंटीमीटर उंचीच्या कुत्र्याला ६ चौरस मीटर, ६५ पर्यंत ८ आणि त्याहून उंच असल्यास १० चौरस मीटर. २०२२ पासून तेथेही बांधून ठेवण्यास, कामाच्या कुत्र्यांचा अपवाद सोडल्यास, बंदी आली. अंगाच्या उबेने खोपटे तापावे हा बव्हेरियातल्या हिवाळ्याचा नियम आहे. तो तंजावुरात तसाच उचलून आणला तर कुत्र्याची सोय न होता गैरसोयच व्हायची.

अमेरिकेतील राज्यांचे नियम या दृष्टीने अधिक बोलके आहेत. कॅलिफोर्नियात स्थिर वस्तूला कुत्रा बांधून ठेवण्यास मनाई असून काही कामापुरते बांधले तरी चोवीस तासांत तीन तासांची मर्यादा आहे. टेक्सासने जानेवारी २०२२ पासून लोखंडी साखळी वापरण्यासच मनाई केली आणि दोर कुत्र्याच्या लांबीच्या पाचपट किंवा १० फूट, यांपैकी जो अधिक असेल तितका असावा असे सांगितले. पेनसिल्व्हेनियाच्या २०१७ च्या कायद्यात दिवसाला ९ तासांची मर्यादा आहे, आणि तापमान ९० अंश फॅरेनहाइटच्या वर किंवा ३२ च्या खाली गेले तर अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ बांधता येत नाही. फॅरेनहाइटचे ९० म्हणजे सेल्सिअसचे ३२. हा आकडा तंजावुरात लावला तर वर्षातील सहा-सात महिने दिवसा कुत्रा बांधताच येणार नाही. असा नियम येथे पाळला जाणार नाही हे उघड आहे, आणि न पाळला जाणारा नियम करून कोणाचे भले होत नाही. पण त्यातून एवढे निश्चित कळते की जी परिस्थिती दुसऱ्या एका लोकशाही समाजाला अर्ध्या तासापलीकडे असह्य वाटते, ती येथे हंगामभराची नित्याची गोष्ट आहे. अशा ठिकाणी तासांपेक्षा सावलीचा आणि पाण्याचा नियम अधिक कामाचा ठरेल: दिवसाच्या प्रत्येक प्रहरी साखळीच्या टप्प्यात सावली असावी, पाणी न सांडणाऱ्या जड भांड्यात असावे, आणि पावसाळ्यात बसण्याची जागा जमिनीपासून वर असावी. एवढे तीन निकष तपासायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही.

बांधण्याच्या बाजूने जो युक्तिवाद केला जातो तो सुरक्षिततेचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मद्रास इलाख्यात पिसाळलेल्या कुत्र्याची भीती इतकी खरी होती की १९०२ मध्ये एका इंग्रज स्त्रीचा जलद्वेषाने मृत्यू झाल्यानंतर लसीच्या सोयीसाठी खटपट सुरू झाली आणि १९०७ मध्ये कुन्नूरची पाश्चर संस्था उभी राहिली. मुंबईत तर त्याच्याही आधी, १८३२ मध्ये, भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून पारशी समाजाने दंगल केली होती. भीतीचे कारण खरे असले तरी त्यावर साखळी हा उपाय आहे काय, हा वेगळा प्रश्न. अमेरिकेतील डेन्व्हर शहरात चावणारे आणि न चावणारे कुत्रे यांची तुलना करणारा एक अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात चावणाऱ्यांमध्ये अंगणात साखळीने बांधलेले असण्याची शक्यता २.८ पट आढळली. चावरा म्हणून बांधला की बांधला म्हणून चावरा झाला, हे या आकड्यावरून ठरत नाही, आणि बहुधा दोन्ही खरे असेल. तरीही पळून जाण्याची वाट बंद झालेल्या जनावराला चावा हा एकच मार्ग उरतो, हे कोणताही पशुवैद्य सांगेल. शेजाऱ्याच्या मुलाला साखळीच्या वर्तुळापेक्षा कुंपणाचे बंद फाटक अधिक सुरक्षित ठेवते. वर सांगितलेल्या दोन कायद्यांतला विरोध फाटकापाशी बराचसा मिटतो. तो मिटवण्याची तसदी कोणत्याही नियमाने घेतलेली नाही, एवढेच.

कायदा आहे तसा वापरायचा म्हटले तरी वाटेत अडथळे आहेत. अधिनियमाच्या कलम ३१ नुसार कलम ११ मधील मोजकेच खंड दखलपात्र आहेत, म्हणजे त्यांच्यात पोलीस वॉरंटाशिवाय कारवाई करू शकतात. साखळी, हिंडवणे आणि निवारा हे तिन्ही खंड त्यांत नाहीत, म्हणून ठाण्यात गेलेल्या तक्रारदाराला बहुतेक वेळा दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याचा सल्ला मिळतो. कलम ३६ प्रमाणे गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांनंतर खटला भरता येत नाही. जिल्ह्याजिल्ह्यात प्राणिक्लेश निवारण संस्था असावी असे २००१ चे नियम सांगतात खरे. कलम २९ खाली दोषी मालकाकडून जनावर काढून घेण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, आणि खरे तर सगळ्या अधिनियमात जनावराच्या उपयोगाचे एवढे एकच हत्यार आहे. पण काढून घेतलेला कुत्रा ठेवायचा कोठे, हा प्रश्न त्याच्या मागोमाग येतोच.

मालक कोण, हाही प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. तंजावुरात काय किंवा पंढरपुरात काय, गल्लीतली निम्मी कुत्री कोणाचीच नसतात आणि सगळ्यांची असतात: एक घर भात घालते, दुसऱ्याच्या ओट्यावर ती झोपतात, तिसरे घर रात्री फाटकात बांधते. अधिनियमाच्या व्याख्येनुसार ‘मालक’ या शब्दात ज्याच्या ताब्यात जनावर त्या वेळी आहे असा कोणीही येतो, मग त्याला खऱ्या मालकाची संमती असो वा नसो. म्हणजे गळ्यात दोरी अडकवली त्या क्षणी माणूस मालक होतो आणि सावली, पाणी व हिंडवणे ही तिन्ही कर्तव्ये त्याला चिकटतात, मात्र तसे त्याला सांगणारे कोणी नसते. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री निवाऱ्यांत नेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला, आणि ११ दिवसांनी मोठ्या पीठाने तो बदलून, पिसाळलेली व आक्रमक वगळता, नसबंदी आणि लसीकरणानंतर ती मूळ जागी सोडण्यास सांगितले, तेव्हा देशभर ‘निवारा’ या शब्दावर वादळ उठले. त्या गदारोळात तो शब्द मोकाट कुत्र्यांच्या कोंडवाड्यापुरताच उरला. ज्याला घर आहे आणि तरीही डोक्यावर काही नाही, असा कुत्रा त्या चर्चेत आलाच नाही.

दंड वाढवण्याच्या गोष्टी जुन्याच आहेत. जल्लिकट्टू या बैलांच्या खेळावर बंदी घालणाऱ्या ७ मे २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांच्या ‘पाच स्वातंत्र्यां’चा आधार घेतला, म्हणजे भूक-तहानेपासून, गैरसोयीपासून, वेदना व रोगापासून, भय व क्लेशापासून मुक्ती, आणि आपल्या जातीचे नैसर्गिक वर्तन करण्याची मोकळीक. ही कल्पना ब्रिटनमधील १९६५ च्या एका समितीच्या अहवालातून वाढलेली. न्यायालयाने ती कलम ३ व ११ मध्ये वाचली आणि शिक्षा अपुऱ्या असल्याचे सांगून संसदेकडून सुधारणेची अपेक्षा व्यक्त केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध केला. तो अजून कायदा झालेला नाही. राज्यांना काही करता येत नाही असेही नाही, कारण प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्य दोघांनाही कायदा करता येईल अशा यादीत, आहे. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर लाखो लोक जमल्यावर तमिळनाडूने काही दिवसांत याच अधिनियमाला राज्यापुरती दुरुस्ती केली आणि बैलाला पुन्हा मैदानात आणले. महाराष्ट्राने बैलगाडा शर्यतींसाठी त्याच वर्षी तेच केले. अधिनियम बदलता येतो, आणि लवकर बदलता येतो, हे मराठी आणि तमिळ अशा दोन्ही राज्यांनी सिद्ध केलेले आहे. कुत्र्याच्या साखळीसाठी मरीनावर कोणी जमणार नाही, हे उघड आहे.

बदल होईल तर तो अधिक खालच्या पायरीवर होण्याचा संभव आहे. तंजावूरला नगरपालिका १८६६ पासून असून २०१४ मध्ये तिची महानगरपालिका झाली. पाळीव कुत्र्याच्या नोंदणीवेळी लसीच्या दाखल्याबरोबर सावली, पाणी आणि दोराची लांबी यांविषयी एका ओळीची अट घालणे अशा संस्थेच्या आवाक्यातले आहे. त्या अटींचा तांत्रिक मजकूर लिहिण्यासाठी माणसे लांबून आणावी लागणार नाहीत. शहराच्या दक्षिणेस ओरत्तनाडूला २०१२ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, आणि हे तेच गाव, जेथे सरफोजीराजांनी मुक्तांबाळ या आपल्या प्रेयसीच्या नावाने छत्र, म्हणजे वाटसरूंसाठी अन्न व निवाऱ्याचे धर्मस्थान, उभारले होते. तेथे आलेल्याला जातपात न विचारता जेवण मिळे, आजाऱ्याला औषध मिळे, पोरक्या मुलांना आसरा आणि शाळा मिळे. निवारा म्हणजे काय याचा तपशील त्या काळच्या कागदांत कोणाही आधुनिक नियमावलीला लाजवील इतका मोकळेपणाने येतो.

दरम्यान, शहरातल्या घरांची ठेवणच पालटत आहे. राजवाड्याभोवतीच्या राजवीथींवर, जेथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली, जुन्या घरांना रस्त्याकडेला तिण्णै असे. आपल्याकडच्या ओट्यासारखा हा चबुतरा, वर कौलारू पडवीचा उतार आणि लाकडी खांब. घरचा कुत्रा त्या खांबाला बांधला जाई, म्हणून तो दिवसभर सावलीत आणि पावसात कोरडा राही, आणि जाता-येता कोणी ना कोणी त्याच्याशी बोलत असे. घरे पाडून बांधताना तिण्णै जातो, त्या जागी मोटारीसाठी सिमेंटचा उतार आणि लोखंडी फाटक येते, आणि साखळीची कडी तिण्णैच्या खांबावरून निघून फाटकाच्या खांबावर जाते. अंतर आठ-दहा फुटांचे असते, साखळी जुनीच असते, आणि वर छप्पर नसते.